एमबीबीएसच्या पोरीची बॅग औषध कंपनीची, मी उगाच काळजी करतोय का?

गोदाकाठचा_केमिस्ट | रविवार, रात्री १०:४२

मंडळी नमस्कार. बरेच दिवस नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, चूकभूल द्यावी घ्यावी.

पंचवटीत माझं मेडिकल आहे, बावीस वर्षं झाली. मुलगी एमबीबीएसला तिसऱ्या वर्षाला, कॉलेज बाहेरगावी. दिवाळीला घरी आली तर पाठीवर नवी कोरी बॅग आणि बॅगेवर ॲसिडिटीच्या एका कॅप्सूलचं नाव, हे एवढ्या मोठ्या अक्षरात. आतून निघाली दोन पेनं (एक शुगरच्या गोळीचं, एक अँटिबायोटिकचं), बीपीच्या गोळीचं नाव असलेला छोटा टॉर्च, आणि लॅमिनेट केलेलं एक कार्ड. कार्डावर लहान मुलांचे डोस वजनाप्रमाणे दिलेत, एकदम कामाची वस्तू, पण औषधांच्या जागी सगळी ब्रँडची नावं. गॅदरिंगला कंपनीने स्टॉल लावला होता म्हणे, सगळ्यांनाच मिळालं.

तेव्हा काही बोललो नाही. रात्री जेवताना सहज विचारलं, काय गं, जळजळ होत असेल तर तुमच्याकडे काय देतात? पटकन बॅगेवरचं नाव सांगितलं. म्हटलं त्यात असतं काय? पोरगी थांबली. दोनच सेकंद. मग म्हणाली, पँटोप्राझोल. उत्तर बरोबर होतं हो, पण ते दोन सेकंद काही डोक्यातून जात नाहीयेत. माझ्या फळीवर तेच औषध सात नावांनी आहे आणि सगळ्यात महागाची स्ट्रिप स्वस्तातल्याच्या तिप्पट.

आता मी काही सोवळा नाही. दहावर दोनची स्कीम (दहा घेतल्या की दोन फुकट) मी पण घेतो, दिवाळीला स्टॉकिस्टकडून काजूकतली येते ती पण खातो. म्हणून तर प्रश्न पडलाय. तिला काही सांगावं का, का एवढ्याशा बॅगेचा बाऊ करतोय मी?

टवाळ_पंचवटीकर | रविवार, रात्री १०:५१

दादा बॅग नको असेल तर इकडे पाठवा. आमच्या चिरंजीवांना आठवीची बॅग अकराशेला पडली आणि चेन दोन महिन्यांत गेली.

सुलभा_मावशी | रविवार, रात्री ११:१५

मला तर हे उगाच वाटतंय. बँक कॅलेंडर देते, एलआयसीवाला डायरी देतो, सोनार पर्स देतो. म्हणून आपण काय रोज सोनं घेतो का? हुशार मुलगी आहे, मेडिकलला लागलीये, एका पेनाने ती बिघडणार नाही. तिला सुखाने अभ्यास करू द्या.

बॅगवाला | सोमवार, सकाळी ७:३०

सुलभाताई, आपल्याशी वाद नाही, पण त्या पेनाच्या पलीकडच्या बाजूला मी पंचवीस वर्षं उभा होतो म्हणून लिहितो. औषध कंपनीचा एमआर, म्हणजे डॉक्टरांच्या दारी औषधांचा प्रचार करत फिरणारा. १९९४ ला बॅग उचलली, २०१९ ला खाली ठेवली. नाशिक हेडक्वार्टर, मालेगाव, मनमाड, येवला एक्स-स्टेशन (सकाळी जाऊन रात्री परत). सकाळी गोळे कॉलनीत स्टॉकिस्ट, मग केमिस्ट, दुपारनंतर पंडित कॉलनीत डॉक्टरांच्या दारात पेशंटबरोबर बसायचं. धागाकर्त्यांना आठवत असेल, आम्ही काउंटरला येऊन कुठल्या डॉक्टरची कुठली चिठ्ठी किती येते ते बघायचो. धंद्यात त्याला आरसीपीए म्हणतात. डॉक्टर तोंडाने काय म्हणतो त्याला किंमत नसते, चिठ्ठी काय म्हणते त्याला असते.

आमचे एक मॅनेजर पिंपळगावचे, घरी द्राक्षबाग. पहिल्याच मीटिंगला म्हणाले, प्रॅक्टिसवाला डॉक्टर म्हणजे बाजारातून आणलेली पेटी, आज पैसे दिले आज माल, उद्या दुसरा जास्त देईल तर त्याची. हॉस्टेलची पोरं म्हणजे बाग. लावल्यावर पहिल्या वर्षी घड धरायचा नाही, नुसतं पाणी घालायचं.

तर आम्ही पाणी घालायचो. रेसिडेंट लोकांच्या (हॉस्पिटलात काम करत पुढचं शिकणारे डॉक्टर) हॉस्टेलला रात्री साडेदहा-अकराला जायचं, मेस बंद झाल्यावर. चाळीस बटाटेवडे, तळलेली मिरची, पाव. पोरं ड्युटीवरून आलेली असायची, दुपारपासून पोटात काही नाही, तशीच हात न धुता तुटून पडायची. औषधाबद्दल एक अक्षर नाही. कुणाचं थीसिसचं बाइंडिंग अडलंय, कुणाला गावाला जायचं रिझर्व्हेशन मिळत नाहीये, कुणाची आई आजारी आहे, ते ऐकायचं आणि जमेल ते करायचं. डीसीआरमध्ये, म्हणजे रोजच्या भेटींच्या रिपोर्टमध्ये, हा कॉल दाखवायचा नाही, खर्च केमिस्ट मीटमध्ये घालायचा.

माझं नाव बारा-पंधरा वर्षांनी सुद्धा लक्षात ठेवणारे डॉक्टर आहेत. गंगापूर रोडवर एकांचं मोठं हॉस्पिटल झालं, बाहेर पंधरा एमआर बसलेले असायचे आणि मला आतून हाक यायची, काका या. त्यांना मी आयुष्यात कधी "लिहा" म्हटलं नाही. गरजच पडली नाही.

आणि एक पोरगी होती. हाच हॉस्टेलचा प्रकार, २००३-०४ असेल. तिने एक वडापाव घेतला, किती झाले विचारलं, मी म्हटलं अहो मॅडम काय हे, तर सहा रुपये टेबलावर ठेवून निघून गेली. बाकीची पोरं हसली. मला मात्र मोठा प्रश्न, हे सहा रुपये व्हाउचरमध्ये दाखवायचे कुठे?

टवाळ_पंचवटीकर | सोमवार, सकाळी ७:४४

सहा रुपयांना वडापाव. डोळे पाणावले.

मखमलाबाद_नाका | सोमवार, सकाळी ९:०२

बॅगवाले काका, लिहीत रहा. वेगळा धागा काढा पाहिजे तर.

रात्रपाळी | सोमवार, दुपारी ३:२०

पीजी रेसिडेंट आहे, दुसरं वर्ष, कॉलेजचं नाव सांगत नाही. आत्ता पोस्ट-ड्युटी आहे आणि वरचं वाचून डोकं फिरलंय त्यामुळे तिखट लागलं तर समजून घ्या.

काका, तुम्ही वडे आणायचात आणि आम्ही खायचो म्हणजे आम्ही बाग झालो का? छत्तीस तास उभं राहिल्यावर समोर वडा आला तर माणूस खाणार, त्यात एथिक्स शोधायला अंगात त्राण नसतं. त्या रात्री कॉलेजने जेवण दिलं असतं तर तुमचा वडा कुणी खाल्ला असता?

आणि धागाकर्ते काका, तुम्ही बॅगेकडे बघताय पण खरी गोष्ट बॅगेत नाहीये. मला कंपनीने काही शिकवलं नाही, माझ्या सिनियरने शिकवलं. जेआर वनला, म्हणजे पीजीच्या पहिल्या वर्षाला, पहिल्याच महिन्यात मला डिपार्टमेंटच्या एमआर लोकांच्या नंबरची यादी मिळाली, वॉर्डाच्या किल्ल्यांबरोबर, तशीच. शनिवारचं सेमिनार आहे, जेवण कोणाकडून, प्रोजेक्टर कोणाकडून, सरांच्या वाढदिवसाचा केक कोणाकडून, फोन कोण लावणार, तर मी. नाही लावला तर ओरडा मलाच. मग मी ज्याला फोन लावला तो दुसऱ्या दिवशी ओपीडीत समोर येऊन उभा राहतो आणि गोड हसतो. त्याला काय सांगू? नको?

कॉन्फरन्सला जायचं तर रजिस्ट्रेशन, तिकीट, राहायचं, स्टायपेंडमध्ये बसत नाही. पुढे प्रॅक्टिस करताना महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचे पाच वर्षांत तीस क्रेडिट पॉइंट लागतात नोंदणीच्या नूतनीकरणाला, ते मिळतात सीएमईला, म्हणजे डॉक्टरांच्या पुढच्या शिक्षणाच्या व्याख्यानांना, बसून, आणि हॉलच्या बाहेर स्टॉल कुणाचे असतात ते सगळ्यांना माहितीये. सगळी वाटच त्यांच्या दारावरून जाते तर आम्ही काय उडत जायचं का.

शंकेखोर | सोमवार, दुपारी ४:१०

रात्रपाळी, राग बरोबर आहे. पण "मी खाल्लं पण माझ्यावर परिणाम नाही" या वाक्याचीच गंमत आहे. २००१ मध्ये अमेरिकेत रेसिडेंट डॉक्टरांना हेच विचारलं होतं. ६१ टक्के म्हणाले कंपन्यांच्या प्रचाराचा माझ्या चिठ्ठीवर परिणाम होत नाही. मग विचारलं, बाकीच्या डॉक्टरांचं काय? त्यांच्यावरही होत नाही असं म्हणणारे फक्त १६ टक्के. म्हणजे मी सोडून सगळे विकले जातात.

आणि धागाकर्त्यांच्या बॅगेशी थेट संबंध असलेला प्रयोग २००९ मध्ये छापून आलाय. मायामी आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे मेडिकलचे विद्यार्थी घेतले. काहींच्या हातात कोलेस्टेरॉलच्या एका नावाजलेल्या गोळीचं नाव असलेलं क्लिपबोर्ड आणि कागदाचं पॅड, बाकीच्यांना साधं. काय तपासतोय ते सांगितलंच नाही. मग त्या गोळीबद्दल मनातून काय वाटतं ते मोजलं. मायामीत अशा भेटवस्तू चालायच्या, तिथल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांचा कल नाव असलेल्या पॅडमुळे त्या गोळीकडे झुकला. पेनसिल्व्हेनियात कॉलेजने असल्या वस्तूंवर कडक बंधनं घातली होती, तिथे उलटं झालं, नाव बघून मुलं जरा अंतरच राखायला लागली.

म्हणजे पेनाने फरक पडतो, आणि कॉलेजने नियम केला की त्यानेही पडतो.

सुलभा_मावशी | सोमवार, संध्याकाळी ५:००

अमेरिकेचं इथे कशाला? तिथे सगळंच जास्त असतं.

शंकेखोर | सोमवार, संध्याकाळी ५:२२

कारण तिथे मोजलं जातं मावशी. २०१० च्या कायद्याने कुठल्या डॉक्टरला कुठल्या कंपनीने काय दिलं ते जाहीर करावं लागतं, कुणीही वेबसाइटवर बघू शकतो. त्यावरून २०१६ ला हिशोब निघाला की वीस डॉलरच्या आतलं एक जेवण झालेले डॉक्टर ते ब्रँड बाकीच्यांपेक्षा जास्त लिहितात. आता जेवणामुळे लिहितात का लिहिणाऱ्यांनाच जेवण मिळतं हे त्यातून सिद्ध होत नाही, ते अभ्यास करणाऱ्यांनीच म्हटलंय. आणि तिथली पोरं पण गप्प बसली नाहीत. विद्यार्थी संघटनेने कॉलेजांना गुणपत्रिका द्यायला सुरुवात केली, औषध कंपन्यांपासून कोण किती लांब. त्यात हार्वर्डला एफ मिळाला होता. नंतर कारभार सुधारला त्यांनी.

टवाळ_पंचवटीकर | सोमवार, संध्याकाळी ५:२५

हार्वर्ड नापास! आता मला माझ्या बारावीचं काही वाटत नाही.

कोर्टाची_पायरी | सोमवार, रात्री ९:४०

वकिलीतला असल्याने थोडं कायद्याचं.

डॉक्टरांसाठीचे आचारसंहितेचे नियम २००२ चे, त्यात डिसेंबर २००९ ला दुरुस्ती झाली आणि औषध कंपन्यांकडून भेटवस्तू, प्रवास, पाहुणचार, रोख घ्यायला बंदी आली. मग कंपन्या म्हणायला लागल्या की घेणं डॉक्टरला गुन्हा आहे, देणं आम्हाला नाही, तर हा खर्च आम्ही इन्कम टॅक्समध्ये दाखवणार. सोन्याची नाणी, टीव्ही, फ्रिज, हे सगळं धंद्याचा खर्च म्हणून. फेब्रुवारी २०२२ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं, चालणार नाही, जे घेणं बेकायदा ते देऊन करसवलत मागता येत नाही.

कंपन्यांसाठी वेगळी आचारसंहिता आहे, आधी ऐच्छिक होती, १२ मार्च २०२४ ला नव्याने आली. डॉक्टरला किंवा त्याच्या कुटुंबाला वैयक्तिक फायद्याची भेट नाही. पुस्तक, डायरी, कॅलेंडर असल्या वस्तू चालतात, पण प्रत्येकी हजार रुपयांच्या आत. फुकट सॅम्पल वर्षाच्या देशातल्या विक्रीच्या दोन टक्क्यांपर्यंत.

आता गोम अशी. २००९ चा नियम नोंदणीकृत डॉक्टरला लागतो. तिसऱ्या वर्षाच्या मुलीची कसली नोंदणी? ती अजून डॉक्टरच नाही. म्हणजे ज्या वयात सवय लागते त्या वयाला नियमात नावच नाही. गॅदरिंगचा स्टॉल तिथेच लागतो.

आणि केमिस्टसाहेब, भेट कंपनीने द्यायची नाही तशी तिच्या वतीने वितरक, होलसेलर, रिटेलर यांनीही द्यायची नाही असं त्यात लिहिलंय बरं का. तुम्ही डॉक्टरला दिवाळीला मिठाई देत असाल तर खोक्यावर कंपनीचं नाव नाही एवढं बघा :)

गोदाकाठचा_केमिस्ट | सोमवार, रात्री १०:०५

वकीलसाहेब, मिठाईचं नंतर बोलू.

डॉ_घाटमाथा | मंगळवार, सकाळी ६:५०

सुरगाण्याकडे प्रॅक्टिस करतो, तिसावं वर्ष. वरती सगळे एमआरवर तुटून पडलेत म्हणून दुसरी बाजू. भर पावसात घाट चढून माझ्या दवाखान्यात कोण येत होतं? आरोग्य विद्यापीठ म्हसरूळला आहे, तिथून मला कुणी विचारायला आलं नाही की बाबा रे पास झाल्यावर काही नवीन वाचलंस का. बाइकवर रेनकोट घालून एमआरच यायचा. त्याने दिलेल्या सॅम्पलवर मी कित्येक पेशंटचा कोर्स पूर्ण केलाय, त्यांच्याकडे एसटीचे पैसे नसायचे तिथे औषधाचे कुठून. हे सांगायला लाज वाटत नाही.

पण एक सांगतो. मार्च २०१६ ला सरकारने ३४४ मिश्रणांवर एकदम बंदी आणली, दोन-तीन औषधं एकाच गोळीत घातलेली ती. पेपरात यादी आली, चहा घेता घेता वाचली. त्यात काही अशी होती जी मी वर्षानुवर्षं लिहीत होतो. कुठे शिकलो होतो? पुस्तकात नव्हतीच ती. त्याच रेनकोटवाल्याच्या गुळगुळीत कागदावर. पुढे त्या बंदीचं कोर्टात बरंच झालं, २०१८ ला पुन्हा ३२८ ची यादी आली, तो भाग वेगळा. पण त्या सकाळी माझा चहा गार झाला.

आणखी एक. आमच्याकडे पावसाळ्यात साप चावलेले पेशंट येतात. तीस वर्षांत सापाच्या इंजेक्शनबद्दल सांगायला एक बॅग घाट चढून आली नाही. विकायचं असतं त्याचंच ज्ञान घाट चढतं.

मखमलाबाद_नाका | मंगळवार, सकाळी ८:१५

डॉक्टर, दंडवत. आणि पेठ-सुरगाण्याकडे नागली चांगली कुठे मिळेल हो? आईला हवीये. अवांतराबद्दल क्षमस्व.

डॉ_घाटमाथा | मंगळवार, सकाळी ८:४०

बोरगावच्या बाजारात बघा. निवडून घ्या, खडे असतात.

निफाडकर | मंगळवार, दुपारी १२:३०

एवढी चर्चा करण्यापेक्षा सोपा उपाय आहे भो. डॉक्टरला ब्रँड लिहायला बंदी करा, औषधाचं मूळ नाव लिहायचं, संपला विषय. कशाला पेनं आणि कशाला वडे.

शंकेखोर | मंगळवार, दुपारी १:००

केलं होतं की. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २ ऑगस्ट २०२३ ला नियम काढले, जेनेरिक नावच लिहा, कंपन्यांच्या पैशाच्या सेमिनारला जाऊ नका. तीन आठवड्यांत, २३ ऑगस्टला, स्थगिती. कंपन्यांचा दबाव वगैरे सोडा, डॉक्टरांच्या संघटनाच विरोधात होत्या. म्हणणं एवढंच की जेनेरिकच्या दर्जाची खात्री नसताना जबाबदारी आमच्यावर का.

गोदाकाठचा_केमिस्ट | मंगळवार, दुपारी ३:१५

दुपारची गर्दी ओसरली म्हणून लिहितो. निफाडकर, तुम्हाला वाटतं तेवढं सोपं नाही ते. डॉक्टरने नुसतं पँटोप्राझोल लिहिलं तर पेशंटला सातातलं कुठलं द्यायचं ते कोण ठरवणार? मी. आणि मी काय बघून ठरवणार? तुम्ही भले माणूस आहात, तुम्हाला वाटेल स्वस्त बघून. अहो, ज्याच्यात मला चार पैसे सुटतात ते बघून. छापील किंमत शंभर आणि मला नेट रेट पंचवीस, असला माल पण येतो दुकानात, त्याच्यासाठी एमआर डॉक्टरकडे जातच नाही, सरळ माझ्याकडे येतो. म्हणजे आज वडा हॉस्टेलला जातो तो उद्या माझ्या काउंटरला येईल. मी खाणार नाही असं छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

जेनेरिक म्हणजे पाणी हे पण खरं नाही आणि जेनेरिक म्हणजे स्वस्त हे पण खरं नाही. जनऔषधीत खरंच स्वस्त मिळतं, लोकांनी घ्यावं. पण डॉक्टरच म्हणतो त्याने गुण येत नाही, मग पेशंट परत येतो आणि मला म्हणतो ते नको, चिठ्ठीतलंच द्या.

टवाळ_पंचवटीकर | मंगळवार, दुपारी ३:३०

मुळात डॉक्टरने मूळ नाव लिहिलंय का ब्रँड हे वाचता कोणाला येतं?

थर्ड_इयर_बॅकबेंचर | मंगळवार, रात्री ११:५०

मी पण एमबीबीएसला आहे (तुमच्या मुलीच्या कॉलेजात नाही काका, घाबरू नका). इथे सगळे बोलतायत की मुलांना कुणी शिकवत नाही, ते तितकंसं बरोबर नाही. २०१९ चा नवा अभ्यासक्रम आला तेव्हापासून फार्माकॉलॉजीत हे रीतसर आहे. औषधाची जाहिरात कशी तपासायची आणि एमआरशी कसं बोलायचं, दोन्ही. जागतिक आरोग्य संघटनेचे १९८८ चे निकष घेऊन कंपनीचं पत्रक तपासायचं असतं. मूळ नाव आहे का, दुष्परिणाम लिहिलेत का, कुठल्या पेशंटला देऊ नये ते आहे का, संदर्भ खरे आहेत का.

मला जे पत्रक आलं त्यात एक बार ग्राफ होता, कंपनीची गोळी ताडाएवढी आणि दुसरी कंबरेएवढी. नीट बघितलं तर उभी रेघ शून्यावरून नाही, ऐंशीवरून सुरू. एक ब्याण्णव आणि एक सत्त्याऐंशी, एवढाच फरक. दुष्परिणाम शेवटच्या पानाच्या तळाला, मोबाइलने झूम करून वाचले. आणि संदर्भ काय, तर "डेटा ऑन फाइल". म्हणजे पुरावा आहे पण आमच्या कपाटात आहे. खूप मजा आली होती मला ते करताना, खोटं नाही सांगत, डिटेक्टिव्ह झाल्यासारखं.

आता यातली पुढची गंमत. प्रॅक्टिकलसाठी एवढी पत्रकं आणायची कुठून? तर मॅडमनी एमआरलाच सांगितलं, बॅचला पुरतील एवढी देऊन जा. तो आनंदाने देऊन गेला, वर प्रत्येकाला एकेक नोटपॅड. आणि माझ्या जर्नलवर दहापैकी नऊ मार्क ज्या पेनाने पडले त्या पेनावर त्याच गोळीचं नाव.

रात्रपाळी | बुधवार, पहाटे ४:३५

हे वाचून वॉर्डात एकटाच हसलो, सिस्टर बघायला आल्या.

बॅकबेंचर, थोडं थांब. इंटर्नशिपला ज्या दिवशी पहिल्यांदा एकटा चिठ्ठी लिहिशील तेव्हा निकष आठवत नाहीत. समोर चाळीस पेशंटची लाइन असते आणि हात सिनियर काय लिहितो तेच लिहितो. माझं ते पहिलं ब्रँड मला आजही पाठ आहे. का तेच, मला नाही सांगता येणार. वॉर्डाच्या भिंतीवरच्या घड्याळावर होतं बहुतेक.

सुलभा_मावशी | बुधवार, सकाळी १०:२०

आता मात्र मी घरात कशाकशावर काय लिहिलंय ते बघत फिरतेय. फ्रिजवर कॅल्शियमच्या गोळीचं मॅग्नेट निघालं. आणि खरं सांगू का, मी तीच गोळी घेते.

मखमलाबाद_नाका | बुधवार, सकाळी १०:४५

बॅगवाले काका, त्या सहा रुपयेवाल्या मुलीचं पुढे काय झालं? कधी भेटली का?

बॅगवाला | बुधवार, सकाळी ११:३०

भेटली तर. नगरकडे तिची प्रॅक्टिस आहे, शेवटची दोन वर्षं ती लाइन मला होती. एमआरला फक्त शनिवारी दोन ते तीन, तेही उभ्याने, खुर्ची नाही. मी नाव सांगितलं, वड्याची आठवण दिली, तिला काही आठवेना. सॅम्पल घेतलं नाही, पत्रक मात्र घेतलं, उलटवून आधी तळाची बारीक अक्षरं वाचली आणि दोन प्रश्न विचारले. दुसऱ्याचं उत्तर मला आलं नाही. म्हटलं ऑफिसला विचारून सांगतो. ऑफिसने अजून सांगितलेलं नाही.

धंदा शून्य दिला तिने मला. पण लाइनवर जायचं म्हटलं की शनिवारी मी दाढी नीट करून जायचो.

कोर्टाची_पायरी | बुधवार, दुपारी २:००

धागाकर्ते कुठे गेले? मुलीशी बोललात का नाही शेवटी?

गोदाकाठचा_केमिस्ट | बुधवार, रात्री १०:३०

बोललो. म्हणजे बोललो नाही, हा धागाच तिच्या हातात दिला, सुट्टी संपायच्या आत. बॅकबेंचरचं वाचून खूप हसली, रात्रपाळीचं वाचून गप्प झाली. म्हणाली आमच्याकडे पण सेम आहे बाबा. लॅमिनेट कार्डावर रात्री बसून स्केचपेनने प्रत्येक ब्रँडसमोर मूळ नाव लिहिलंन. कार्ड टाकणार नाही म्हणते, डोस बरोबर आहेत. मी म्हटलं, ठीक.

मग सकाळी डबा द्यायला दुकानात आली. काउंटरच्या बाहेर उभी राहून वर बघत बसली. म्हटलं काय गं? तर म्हणे, बाबा, पाटीवर तुमचं नाव केवढंसं आणि खोकल्याच्या औषधाचं केवढं.

आता ती पाटी कंपनीने लावून दिलीय, बारा वर्षं झाली, फुकट, लाइटसकट. रोज शटर उघडताना डोक्यावर असते पण मी शेवटची कधी वाचली होती देव जाणे. आतलं घड्याळ एका अँटासिडचं. कॅरीबॅगवर बामची जाहिरात. कॅलेंडर स्टॉकिस्टचं. पोरीने एकेक बोट दाखवून मोजलं, अकरा निघाली. माझ्या शर्टाच्या खिशातलं पेन धरून.

एका पेंटरला विचारलंय नव्या पाटीचं. तो म्हणतो सिंहस्थाच्या कामांमुळे सध्या हात रिकामा नाही, दिवाळीनंतर बघू. दिवाळी तर झाली, म्हटलं कुठल्या दिवाळीनंतर?

बॅगवाला | बुधवार, रात्री १०:४१

साहेब, पंचवटी आणि खोकल्याचं औषध म्हणजे... लाइटचा बॉक्स डाव्या बाजूला थोडा वाकडा आहे का? असेल तर ती पाटी मीच लावून घेतलीय.

गोदाकाठचा_केमिस्ट | बुधवार, रात्री १०:४४

आहे!! या एकदा दुकानात, चहा घेऊ. चहा माझ्याकडून.

टवाळ_पंचवटीकर | बुधवार, रात्री १०:५०

ते सगळं ठीक आहे पण बॅगचं काय ठरलं?

गोदाकाठचा_केमिस्ट | बुधवार, रात्री ११:०५

पोरगी जुनीच बॅग घेऊन गेली. नवी बॅग बायकोने ताब्यात घेतली, आज गंगेवरच्या बुधवारच्या बाजाराला नेली होती. मेथी, कांद्याची पात, दोन किलो बटाटे, चेन मजबूत आहे म्हणते. भाजीवालीने बॅग उलटीसुलटी करून वाचली आणि विचारलं, ताई, हे पित्तावर चांगलं असतं का हो?